गुणपत्रिका आणि पेढी

दहावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी कुटुंबांत मुलांच्या पुढील शिक्षणाचा निर्णय बहुधा पाच मिनिटांत होतो. "आपल्याला कुठे नोकरी करायची आहे? कॉमर्स घे," एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. गुण उत्तम असले तर सी.ए., मध्यम असले तर बी.कॉम., आणि कमी असले तर बी.कॉम. करता करता दुकान, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवलेली असते. वाणिज्य शाखा ही जणू आपल्या घरचीच शाखा. परंतु या घरच्या शाखेत प्रत्यक्ष काय शिकवले जाते, ते कोणत्या काळातील आहे आणि त्याची परीक्षा कशी घेतली जाते, याची चौकशी आपल्यापैकी किती पालक करतात? नमुना पाहिल्याशिवाय आपण मालाचा सौदा करीत नाही. मुलाच्या आयुष्यातील पाच वर्षे मात्र त्याचे पुस्तक एकदाही न उघडता देऊन टाकतो.

परिचयातील एका घाऊक किराणा व्यापाऱ्यांचा मुलगा यंदा बारावी वाणिज्य शाखेत आहे. पुस्तपालनाच्या शंका विचारण्यासाठी तो अधूनमधून माझ्याकडे येतो. दुकानातील बिले संगणकावर तोच करतो. पुरवठादारांनी भरलेली बिले आणि आपली खरेदी जुळते की नाही, हे दरमहा जीएसटीआर-२बी विवरणपत्राशी ताडून पाहण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. अशा या मुलाला पूर्वपरीक्षेत पुस्तपालनात ८० पैकी ३४ गुण पडले. वडिलांनी निकाल पाहिला आणि शांतपणे सांगितले, "बारावी दे, नाहीतर नको देऊस. एप्रिलपासून गादीवर बस." मुलगा मला म्हणाला, "काका, मला हिशेब येतो, पेपर येत नाही."

या एका वाक्यात आपल्या शिक्षणपद्धतीविषयीची मोठी तक्रार सामावलेली आहे. ती मुलाचा आळस म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही आणि जशीच्या तशी मान्य करण्यासारखीही नाही. बँकेतील नोकरीत मी दुकानदारांचे ताळेबंद वाचले, आणि त्याआधी वाणिज्य शाखेतच एम.कॉम.पर्यंत शिकलो; म्हणून दोन्ही बाजूंनी तिचा विचार मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

तक्रार नेमकी काय आहे?

मुलाची पहिली तक्रार विषयांबद्दल आहे. बारावीच्या पुस्तपालनात विनिमय विपत्रांचे, म्हणजे आपण ज्याला 'बिल' किंवा ढोबळपणे हुंडी म्हणतो त्याचे, एक संपूर्ण प्रकरण आहे. बिल काढणे, ते स्वीकारणे, बँकेत वटवणे, नकारले जाणे, नूतनीकरण करणे, आणि या प्रत्येक टप्प्याच्या नोंदी बिल काढणाऱ्याच्या व स्वीकारणाऱ्याच्या पुस्तकांत स्वतंत्रपणे करणे. मुलगा विचारतो, "आमच्या दुकानात वर्षभरात असे एकही बिल येत नाही. मग हे मी कशासाठी करतो?"

दुसरी तक्रार उत्तराच्या साच्याबद्दल आहे. त्याने नोंदी बरोबर केल्या होत्या, पण प्रत्येक नोंदीखाली स्पष्टीकरण लिहिले नव्हते. त्याचे गुण गेले. 'चिटणिसाची कार्यपद्धती' या विषयात भागधारकांना, कर्जरोखेधारकांना आणि ठेवीदारांना लिहावयाची पत्रे असतात. ती समजून लिहिण्यापेक्षा पाठ केलेली बरी, असा सल्ला त्याला शिकवणीत मिळाला आहे.

तिसरी तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटली. एका गणितात त्याचा ताळेबंद जुळला नाही. तो चूक शोधत बसला, वीस मिनिटांनी ती सापडलीही. परंतु तेवढ्यात पुढचा प्रश्न सोडवायला वेळ उरला नाही. शिकवणीतील शिक्षकांनी सांगितले, "जुळला नाही तर सोडून द्यायचा आणि पुढे जायचे. पायऱ्यांचे गुण मिळतात." परीक्षेच्या दृष्टीने हा सल्ला अगदी योग्य आहे. पण वाचकहो, पेढीवर कोणी असा सल्ला दिला तर आपण त्याला उद्यापासून कामावर ठेवू का? रोजमेळ दहा रुपयांनी चुकला तर दिवा लावून बसणारी माणसे आपण पाहिली आहेत. बँकेतही दिवसअखेर रोख जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नसे. जी सवय व्यवसायात सद्गुण ठरते, तीच तीन तासांच्या पेपरात तोट्याची ठरते.

हा अभ्यासक्रम आला कोठून?

पूर्वी व्यापाऱ्याच्या मुलाचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत उजळणीने सुरू होई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ झाले, मोडी वाचता-लिहिता येऊ लागली, की मुलगा पेढीवर बसे. कीर्द आणि खतावणी तो तेथेच शिके. त्या शिक्षणात दोष होतेच. मुलींना त्यात स्थान नव्हते, आणि विक्रीचा भाव काढण्यापलीकडील जग त्यात फारसे येत नव्हते. परंतु जे शिकले ते दुसऱ्याच दिवशी गल्ल्यावर उपयोगी पडे.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि लेखी परीक्षा हे विद्वत्तेचे मोजमाप ठरले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले; आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ओळख आहे. तेव्हाच्या व्यापारात विनिमय बिल ही खरोखरच रक्तवाहिनी होती. परगावी रोकड पाठविणे धोक्याचे आणि खर्चाचे असे. त्याऐवजी दर्शनी किंवा मुदती हुंडी जाई. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने बिल, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांना कायद्याची चौकट दिली, आणि देशी भाषांतील हुंड्यांच्या बाबतीत त्या त्या ठिकाणच्या रूढीचा मानही राखला. मुदतीनंतरचे तीन सवलतीचे दिवस, जे आजही विद्यार्थी गणितात मोजतात, ते त्याच कायद्यातील आहेत. अशा काळात ज्याला बिलांच्या नोंदी येत नाहीत, त्याला वाणिज्य पदवीधर कोण म्हणणार?

तेव्हा अभ्यासक्रम करणारे अडाणी नव्हते. त्यांनी आपल्या काळाचा व्यापार वर्गात आणला. अडचण अशी झाली की व्यापार पुढे गेला आणि वर्ग मागे राहिला. बदल झालेच नाहीत असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अकरावीची नवी पुस्तके २०१९ मध्ये आणि बारावीची २०२० मध्ये आली. त्यांत जीएसटीच्या नोंदी आहेत, लेखाकर्मातील संगणकाच्या वापरावर प्रकरण आहे, आणि चिटणिसाच्या कार्यपद्धतीत डिपॉझिटरीचीही माहिती आहे. पण लेखाकर्मातील संगणकावर उत्तर लिहायचे तेही कागदावर आणि पेनाने. एखाद्या विद्यार्थ्याने लेखा-सॉफ्टवेअरला एकदाही हात न लावता त्या प्रकरणाचे पूर्ण गुण मिळवले, तर त्यात आश्चर्य नाही.

विषय जुना की कारण हरवलेले?

मुलाच्या पहिल्या तक्रारीवर मी त्याला एक प्रतिप्रश्न केला. "तुमच्या दुकानात मसाल्याचा माल कोणाकडून येतो?" तो म्हणाला, जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याकडून. "त्याचे पैसे कधी देता?" त्याने लगेच सांगितले, "पंचेचाळीस दिवसांच्या आत. नाहीतर सी.ए. ओरडतात."

सी.ए. का ओरडतात, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. २०२३ मध्ये प्राप्तिकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे, ही मुदत उलटून गेल्यास त्या खरेदीची वजावट ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळते. याच उधारीच्या प्रश्नावर रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये 'ट्रेड्स' या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. लहान पुरवठादाराचे बिल संगणकीय मंचावर चढते, खरेदीदार ते मान्य करतो, आणि बँका व वित्तसंस्था त्यावर बोली लावून मुदतीपूर्वी पैसे देतात. बिल काढणे, ते स्वीकारणे, वटवणे, सारे तेच आहे. केवळ कागद गेला आणि मुद्रांकाच्या जागी पडदा आला.

म्हणजे विनिमय विपत्राचे तत्त्व जुने झालेले नाही, उदाहरणे जुनी झाली आहेत. बँक जुळवणी पत्रकाचेही तसेच आहे. 'दिलेला पण वटणावळीसाठी सादर न झालेला धनादेश' हे त्यातील ठरलेले कारण. आज डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालते, आणि यूपीआयने पैसे क्षणात जमा होतात. मग जुळवणीची गरज संपली का? उलट ती वाढली आहे. दुकानातील क्यूआर कोडवर दिवसभरात आलेल्या शेकडो लहान रकमा, कार्ड यंत्रावरून शुल्क वजा होऊन आलेली एकत्रित रक्कम, परत गेलेले व्यवहार, आणि जीएसटी पोर्टलवरील आकडे या सर्वांचा मेळ बसवावा लागतो. आपला विद्यार्थी दुकानात जे करतो ते जुळवणी पत्रकच आहे. दोन्ही कामे एकच आहेत, एवढे मात्र त्याला वर्षभरात कोणी सांगितले नाही.

स्पष्टीकरणाबाबतही तसेच. मी त्याला म्हणालो, "बँकेत आमच्याकडे स्पष्टीकरण नसलेली नोंद सहा महिन्यांनी तपासनीसापुढे आली, की ती कोणी, का आणि कोणाच्या सांगण्यावरून केली हे कोणालाच सांगता येत नसे. नोंदीखालची ती एक ओळ म्हणजे उद्याच्या वादातील आजचा साक्षीदार." त्याचा चेहरा उजळला. "हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. आम्हाला म्हणतात, नाही लिहिले तर अर्धा गुण जातो."

माझ्या मते दुखणे येथे आहे. विद्यार्थ्याला नियम सांगितला जातो, त्यामागचे कारण नाही. अभ्यासक्रम वर्षांनी जुना होतो हे खरे. पण कारण सांगणे थांबते तेव्हा तो त्याहून लवकर निर्जीव होतो.

वजनकाटा आणि माल

आता परीक्षेकडे वळू. दहावीच्या निकालाचे गेल्या काही वर्षांतील आकडे हिशेबी नजरेने पाहण्यासारखे आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेने द्यावयाचे २० गुण बंद करण्यात आले. २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालकांत खळबळ उडाली, आणि ते अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द करून त्याचे गुण सरासरीने द्यावे लागले होते. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचे शाळेतील मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला, तो ९९.९५ टक्के होता.

या चार वर्षांत राज्यातील मुले एकदा मंद आणि पुन्हा कुशाग्र झाली, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. माल तोच होता, काटा बदलला होता. ज्या वीस गुणांच्या असण्या-नसण्याने निकाल बारा टक्क्यांनी घसरतो, ते वीस गुण शाळा कशाबद्दल देतात, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. आपण विचारले ते इतकेच, की ते परत केव्हा मिळणार.

बारावी वाणिज्य शाखेतही लेखी परीक्षा ८० गुणांची आणि उरलेले २० गुण प्रकल्प व तोंडी कामाचे अशीच विभागणी आहे. हे वीस गुण म्हणजे खरे तर विद्यार्थ्याला बाजारात नेण्याची वाट. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तयार प्रकल्पवही दुकानातून विकत मिळते, ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली जाते आणि सर्वांना सारखेच भरघोस गुण मिळतात. म्हणजे ज्या भागात विचाराला जागा आहे तेथे मोजमाप नाही, आणि जेथे काटेकोर मोजमाप आहे तेथे विचाराला जागा नाही.

मग परीक्षाच नको का?

येथे तरुण मित्रांचे मन दुखावण्याचा धोका पत्करून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, ठरावीक वेळ आणि ठरावीक उत्तरसूची, या पद्धतीत एक मोठा न्याय आहे. राज्य मंडळाच्या नऊ विभागांतून दरवर्षी लाखो विद्यार्थी बारावीला बसतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव, आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय काहीही ठाऊक नसते. १९८० च्या दशकाच्या आरंभी मी बँकेत आलो तो बँकिंग सेवा भरती मंडळाच्या लेखी परीक्षेतून. त्या परीक्षेत माझी ओळख कोणाशी आहे हे कोणी विचारले नाही, आणि माझी कोणाशी ओळख नव्हतीही. ज्यांच्यामागे ना पेढी ना वशिला, अशा मुलामुलींसाठी सामायिक परीक्षा हे समान उंचीचे एकमेव दार असते. साच्यातील उत्तरसूची कंटाळवाणी असेल, पण ती परीक्षकाच्या लहरीपासून विद्यार्थ्याला वाचवते.

परीक्षा सैल करून पाहण्याचा प्रयोगही देशात झाला आहे. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणून दहावीची मंडळ-परीक्षा ऐच्छिक केली. २०१८ पासून ती पुन्हा सक्तीची करावी लागली. वर्षभर कागद भरण्याचे काम वाढले, आणि शाळाशाळांच्या गुणदानात मेळ राहीना, हा त्या वेळचा प्रमुख आक्षेप होता. तेव्हा परीक्षा काढून टाकणे हा उपाय नव्हे. प्रश्न बदलणे हा उपाय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मंडळ-परीक्षांनी पाठांतराऐवजी मूलभूत क्षमता तपासाव्यात आणि विद्यार्थ्याला वर्षातून दोन संधी असाव्यात असे म्हटले आहे. केंद्रीय मंडळाने २०२६ पासून दहावीसाठी दोन परीक्षांचा निर्णय घेतला. दिशा योग्य आहे. मात्र दोनदा विचारलेला जुना प्रश्न हा नवा प्रश्न होत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

विचारता येईल असा एक प्रश्न

नवा प्रश्न कसा असू शकतो, याचा नमुना बँकेच्या टेबलावरून देतो. समजा, एका व्यापाऱ्याला २५ लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर आहे. दुकानात ३० लाखांचा माल आहे, त्यापैकी १० लाखांचे पैसे पुरवठादारांना द्यायचे आहेत. येणे उधारी १२ लाख आहे. त्यातील ४ लाख नव्वद दिवसांहून जुनी आहे. बँक पैसे दिलेल्या मालावर २५ टक्के आणि नव्वद दिवसांच्या आतील उधारीवर ४० टक्के दुरावा ठेवते, जुनी उधारी धरत नाही. तर व्यापाऱ्याला प्रत्यक्षात किती रक्कम उचलता येईल?

पैसे दिलेला माल २० लाखांचा, त्यावर १५ लाख. ताजी उधारी ८ लाख, त्यावर ४ लाख ८० हजार. एकूण १९ लाख ८० हजार. मंजुरी २५ लाखांची असूनही त्याचा २२ लाखांचा धनादेश परत जाईल. नोकरीच्या काळात "मंजूर तर केले, मग चेक का परत केला?" असा संतप्त प्रश्न वाणिज्य पदवीधरांकडूनही मी ऐकलेला आहे.

आता पुढचा भाग. व्यापाऱ्याने ती ४ लाखांची जुनी उधारी वसूल केली आणि पुरवठादारांना दिली, तर काय होईल? देणी ६ लाखांवर येतील, पैसे दिलेला माल २४ लाखांचा होईल, त्यावर १८ लाख मिळतील. ताज्या उधारीचे ४ लाख ८० हजार कायम. एकूण २२ लाख ८० हजार. म्हणजे वसुलीच्या एका फेरीने उचलण्याची ताकद ३ लाखांनी वाढली, आणि तो २२ लाखांचा धनादेशही वटला.

यात गुणाकार आणि वजाबाकीपलीकडे काही नाही. उत्तर एकच आहे, त्यामुळे परीक्षकाला गुण देणेही सोपे. परंतु हे गणित करणारा विद्यार्थी उधारी, माल आणि रोख यांचे नाते आयुष्यभर विसरणार नाही. प्रमाणित परीक्षेतही असा प्रश्न विचारता येतो. त्यासाठी शाळेची इमारत नवी लागत नाही.

शिकता शिकता काम

सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाला आज जी प्रतिष्ठा आहे, तिच्यामागे कठीण परीक्षेइतकीच आर्टिकलशिपही आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती, नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. पुस्तक आणि प्रत्यक्ष काम हातात हात घालून चालले की ज्ञान पक्के होते, हे त्या संस्थेने ओळखले. आपल्याच भूमीत कुंभोजला एका जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा आणि शिका' या मार्गाने हजारो गरीब मुलांना शिकविले. त्यांच्या विद्यार्थ्याच्या हाताला कामाची लाज नव्हती आणि कामामुळे त्याचे पुस्तकही सुटले नाही.

आपल्या मुलांना तर काम शोधायला बाहेर जावे लागत नाही. ते घरातच आहे. तरीही आपण दोन टोके गाठतो. एक तर "अभ्यासाच्या वर्षात दुकानाकडे फिरकू नको" असे म्हणतो, नाहीतर गुण कमी पडताच "बस झाले शिक्षण" म्हणून त्याला गादीवर बसवतो. मुलींच्या बाबतीत बहुधा दोन्ही दारे बंद असतात. ती वाणिज्य शाखेत प्रथम आली तरी घरचा ताळेबंद तिच्यापुढे कोणी ठेवत नाही.

आपल्या हाती काय आहे?

अभ्यासक्रम मंडळे ठरवतात, त्यावर आपला अधिकार नाही, असे म्हणून गप्प बसता येईल. पण काही गोष्टी पूर्णपणे आपल्या हाती आहेत.

पहिली घरातली. अकरावी-बारावीतील मुलगा किंवा मुलगी असेल तर महिन्यातून एका रविवारी एक तास द्यावा. दुकानाचे बँक विवरण, जीएसटीचे विवरणपत्र आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद समोर ठेवावा आणि मुलांनी पुस्तकातील प्रकरण त्यात शोधून दाखवावे. घसारा कोठे आहे, भांडवल कोठे आहे, देणी वाढली की घटली? आपल्यालाही सांगता आले नाही तर सी.ए.ना विचारावे.

दुसरी संस्थांतील. आपल्यापैकी अनेक जण शाळा-महाविद्यालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, देणगीदार आहेत. इमारतीवर नाव लावण्याचा आग्रह आपण धरतो, तसाच अंतर्गत वीस गुणांच्या कामाचा धरावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या खऱ्या दुकानात आठ दिवस बसून एका आठवड्याची कीर्द लिहावी, उधारीचे वय काढावे आणि तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न व्हावेत. मंडळाच्या नियमांत याला आडकाठी नाही, आणि गावातील दुकाने तर आपलीच आहेत.

तिसरी गोष्ट, तक्रारीचा गैरवापर न करणे. अभ्यासक्रम जुना आहे म्हणून मुलाचे शिक्षण तोडणे म्हणजे काटा खोटा आहे म्हणून माल नदीत टाकणे. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना मी एवढेच सांगितले की ३४ गुण हे त्याच्या व्यवहारज्ञानाचे माप नव्हे, आणि त्याचे व्यवहारज्ञान हे पुढे न शिकण्याचे कारणही नव्हे. उद्या उलाढाल पाच कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस आले, बँकेची मोठी मर्यादा आली, भागीदारीचा करार आला. तेव्हा केवळ अंगवळणी पडलेला हिशेब पुरणार नाही. त्यांनी निर्णय परीक्षेपर्यंत पुढे ढकलला आहे. मुलगा सध्या वेळ लावून पेपर सोडवतो, आणि स्पष्टीकरणेही लिहितो.

शेवटची सूचना आपल्या समाजाच्या सभागृहांसाठी. दरवर्षी चातुर्मासात ठिकठिकाणी गुणवंतांचे सत्कार होतात. अर्जात एकच रकाना असतो: टक्केवारी. नव्वदच्या वर असेल तर व्यासपीठावर, खाली असेल तर श्रोत्यांत. तो सत्कार जरूर चालू राहावा. त्या मुलांनी कष्ट केलेले असतात. मात्र यंदापासून अर्जात आणखी एक रकाना ठेवून पाहावा: 'या वर्षी तुम्ही कोणते काम स्वतः शिकलात आणि पूर्ण केलेत?' कोणी दुकानाचा वर्षभराचा हिशेब बसवला असेल, कोणी आजीच्या पापड-लोणच्याच्या उद्योगाचा खरा खर्च काढून दिला असेल, कोणी शेजारच्या फेरीवाल्याला बँकेत खाते उघडून दिले असेल. त्यातील पाच जणांना बोलावून, शाल देण्यापूर्वी, त्यांनी काय केले ते दोन मिनिटे त्यांच्याच तोंडून ऐकावे. राज्याच्या मंडळाला बदलायला वर्षे लागतील. अर्जाचा नमुना बदलायला कार्यकारिणीची एक सभा पुरेशी आहे.